गोम पाहिलेला माणूस

नाना रविवारी पहाटे झोपेतच गेले. म्हणजे शनिवार हा आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. साधा म्हणायचं इतकंच. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात एक बैल उभा होता, त्याच्या पाठीवरचा रंग धुवायला शेजारचे साहेबराव बादली घेऊन आले होते, आणि आई दारात उभी राहून नानांना विचारत होती, "अहो, याला ठेवायचं कुठे? कोशांच्या कपाटात?"

हे सगळं एका शब्दापायी झालं.

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या वाचनालयात महिन्याला एक व्याख्यान होई. वक्ते पुण्याहून बोलवायचे. पुण्याच्या वक्त्यांच्या दृष्टीनं निगडी ही मुंबईच्या जवळ होती, त्यामुळे त्यांना आयत्या वेळी ताप येई. ताप आला की वाचनालयाचे चिटणीस नंदकिशोर आपटे स्वतः बोलत, आणि मग श्रोत्यांनाही ताप येई. या वेळी मात्र नानांनी हात वर केला. आजवर त्यांनी या वाचनालयात फक्त खुर्च्या मांडल्या होत्या.

"विषय काय घ्याल?" आपट्यांनी विचारलं.

"गोम," नाना म्हणाले.

आपटे कंपनीत इंजिनिअर होते. त्यांना वाटलं, पेस्ट कंट्रोल.

"तो किडा नव्हे हो," नाना म्हणाले. "आपण म्हणतो ना, 'यातली खरी गोम वेगळीच आहे', ती गोम. बाहेरच्याला दिसत नाही आणि आतल्याला ठाऊक असतं, ते. हा शब्द आला कुठून, यावर बोलेन."

"एका शब्दावर तासभर? नाना, राग मानू नका, पण त्यापेक्षा 'मानसिक ताण आणि आपण' घ्या. लोक येतील."

"लोकांना ताण आहेच. शब्द नाहीये," नाना म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेलं हे बहुधा एकमेव सडेतोड उत्तर. त्यानंतर ते घरी येऊन दोन पेले पाणी प्यायले.

नाना कंपनीच्या टाइम ऑफिसात होते. कोण वेळेवर आला, कोण उशिरा, हे लिहिणं हे त्यांचं काम. टाइम ऑफिसातल्या माणसाचं बोलणं कुणी ऐकत नाही. त्याच्यासमोर सगळे फक्त सबबी सांगतात. त्यामुळे तासभर आपण बोलावं आणि लोकांनी खुर्चीवर बसून ते ऐकावं, या कल्पनेनं त्यांना जे झालं होतं, त्याला घरात आम्ही 'नानांचं लग्न' म्हणत होतो. धोतर इस्त्रीला गेलं होतं. घरात लवंगा चघळणं चालू होतं.

कोशात गोमेचे तीन अर्थ सापडले. एक, पुष्कळ पायांचा किडा. दुसरा, बैलाच्या किंवा घोड्याच्या अंगावर उलट्या फिरलेल्या केसांची रेघ. तिसरा, छुपं मर्म, छुपी खोड. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणं सोपं होतं. केसांची रेघ किड्यासारखी दिसत असणार. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर कसं गेलं, याबद्दल नानांचा एक अंदाज होता. अडचण एवढीच, की बैलाच्या अंगावरची गोम त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"म्हणून काय झालं? कोशात आहे ना," मी म्हणाले. मी शाळेत मराठी शिकवते. आम्ही शिकवतो त्यातलं बहुतेक आम्ही पाहिलेलं नसतं.

"अरू, न पाहता बोलायचं म्हणजे हजेरी न घेता पगार लावायचा," नाना म्हणाले.

आईचं मत वेगळं होतं. गोम कानात जाते, आणि गेली तर गोडं तेल घालायचं, यापलीकडे त्या विषयात काही नाही असं ती म्हणाली. एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, वाचनालयाच्या फळ्यावर लिहून टाका.

तेव्हा साहेबरावांचा सल्ला घेण्यात आला. आमचा सगळा सेक्टर एकेकाळी साहेबरावांचं रान होता. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी त्यांची विहीर होती, असं ते दर वेळी चहा पिताना सांगत, आणि चहा पचायला जरा जड जाई. त्यांचा गोठा मात्र गावठाणात अजून होता.

"चाकनला जावा शनवारी, बैलबाजारात," साहेबराव म्हणाले. "पन नाना, येक ध्यानात ठिवा. कुनाला इचारायचं न्हाई. निस्तं बघायचं."

नानांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं वाक्य चालू असताना ते पेनमध्ये शाई भरत होते.

शनिवारी आईनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं. नाना एकटे कुठे गेले की ज्ञान घेऊन येत आणि छत्री विसरून येत. आम्ही लोकलनं कासारवाडीला उतरलो, नाशिक फाट्यावर एसटी धरली आणि चाकणला पोचलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. शेणाचा, कडब्याचा आणि भजीच्या तेलाचा वास. जिकडेतिकडे शिंगं. नाना खिशाला दोन पेनं लावून, चष्मा पुसून, पहिल्याच जोडीपुढे उभे राहिले आणि नमस्कार करून म्हणाले,

"आपल्या बैलाला गोम आहे का?"

त्या मालकाच्या चेहऱ्यावर काय झालं ते सांगणं अवघड आहे. गोम म्हणजे बैलातली खोड. ती असली तर बैल विकला जात नाही. लग्नाच्या मांडवात शिरून वधूपित्याला विचारावं, की काहो, मुलीत काही लपवलेलं व्यंग आहे का, मला जरा अभ्यासासाठी हवंय, त्यातला हा प्रकार होता.

"तुमच्या घरात हाय का?" मालकानं विचारलं.

"तेच तर! नाहीये," नाना कळवळून म्हणाले.

दुसऱ्यानं बैल पाठमोरा केला. तिसऱ्यानं बैलाला सोडून नानांचेच दात बघायची तयारी दाखवली. मी नानांची बाही ओढत होते. पण सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला आणि टाइम ऑफिसातल्या माणसाला नकाराची सवय असते; तो पुढच्या खिडकीशी जातो. नाना जसजसे पुढे गेले तसतसा त्यांचा प्रश्न अधिक सविस्तर होत गेला. "संकोच करू नका. मला फक्त बघायचीय. वाईट असली तरी चालेल. खरं म्हणजे वाईटच बरी."

चाकणच्या बाजारात त्या दिवशी एकाही बैलाला गोम नव्हती. माणसांना मात्र कुतूहल होतं. हा कोण जाणकार आलाय, गोमीचाच बैल मागतोय, अशी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, जनावरांचा डाक्टर. कुणी म्हणालं, मांत्रिक. अमावास्या जवळ आलीय. नानांच्या आयुष्यात त्यांच्याबद्दल एवढ्या लोकांनी एकाच वेळी कधी विचार केला नसेल.

मग भिमाजी आला. भिमाजी दलाल. डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, आणि चेहऱ्यावर जगातल्या प्रत्येक माणसाला एक बैल कमी आहे अशी काळजी.

"मास्तर, तुमी हिकडं या. तुमाला पायजे तसलं जनावर म्या दावतो."

बाभळीखाली एक म्हातारा एकुलता बैल धरून उभा होता. त्याचं नाव कोंडीराम. बैल पोळ्याला रंगवावा त्याहून जास्त रंगवलेला. वशिंडापासून शेपटीपर्यंत लाल हिरमुजीचे पट्टे, त्यांच्यावर निळे ठिपके.

"गोम आहे का?" नानांनी आशेनं विचारलं.

कोंडीरामाचा हात बैलाच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. "न्हाई बा. ह्येच्या अंगावं माशीसुदीक बसत न्हाई."

नाना हिरमुसले. ते वळणार, एवढ्यात भिमाजीनं उपरणं हवेत झटकलं आणि त्याखाली आपला हात सरकवून नानांच्या पुढे धरला. नानांचा चेहरा एकदम उजळला.

"अरू, बघ! करपल्लवी! कापडाखाली बोटं दाबून भाव करतात. मी वाचलं होतं, पण अजून चालू असेल असं वाटलं नव्हतं."

"नाना, हात आत घालू नका."

"थांब गं. अभ्यास आहे."

त्यांनी हात आत घातला. भिमाजीनं आत काय दाबलं ते देवाला ठाऊक. नाना मान डोलावत होते. तबला ऐकताना डोलावतात तशी. मग भिमाजी थांबला, आणि इतका वेळ आपल्याला शिकवल्याबद्दल काहीतरी म्हणायला हवं म्हणून नानांनी त्याचा अख्खा पंजा आपुलकीनं दाबला.

अख्खा पंजा म्हणजे सौदा पक्का.

"मास्तरांचा बैल!" भिमाजी ओरडला. बैलाच्या पाठीवर भंडारा उधळला गेला. त्यातला थोडा नानांच्या टकलावरही पडला. आजूबाजूच्यांनी अशा भावात असा बैल गेल्याबद्दल कोंडीरामाचं अभिनंदन केलं, त्यावरूनच भाव काय असेल याची मला कल्पना आली.

मी भिमाजीला सांगितलं, चूक झाली, आम्हाला बैल नको. भिमाजीनं कानाला हात लावले. "ताई, शंभर मानसांनी बघितलंय. सौदा मोडला तर मास्तरांच्या नावाला बट्टा लागंल."

त्या बाजारात नानांचं नाव कुणालाही माहीत नव्हतं. पण आपल्या नावाला बट्टा लागू शकतो ही गोष्टच नानांना इतकी नवी होती, की ते ताठ झाले. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. पैसे जवळ नव्हते. तेव्हा कोंडीरामानं बैलासकट आमच्या घरी यायचं आणि तिथे घ्यायचे, असं ठरलं. घरचे पैसे आईकडे असत, हे नानांनी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

टेंपोत मागे बैल आणि कोंडीराम, पुढे ड्रायव्हर, नाना आणि मी. हद्दीवरच्या जकात नाक्यावर कारकुनानं मागे डोकावून पाहिलं.

"विक्रीचा की शेतीचा?"

"अभ्यासाचा," नाना खाली उतरून म्हणाले.

"तसा रकाना नाही."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण नानांचा जन्म रकाने भरण्यात गेला होता. त्यांना त्या माणसाची अडचण कळली. ते त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि दोघांनी मिळून बैलाचा विचार सुरू केला. मागे ट्रक भोंगे वाजवू लागले.

"'इतर' असेल ना?" नानांनी सुचवलं.

"'इतर'मध्ये भांडी, सतरंज्या आणि वाद्यं येतात."

दोघांनी बराच वेळ बैलाकडे पाहिलं. बैलानं मान हलवली. गळ्यातली घंटा वाजली.

"वाद्य म्हणता येईल," कारकून सावकाश म्हणाला.

ही चर्चा चालू असताना नानांच्याच कंपनीची बस, दुपारची शिफ्ट सुटलेली, शेजारून हळूहळू गेली. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "नाना, कार्ड पंच केलं का बैलाचं?" कुणीतरी ओरडलं. नाना पुढच्या सीटवर येऊन बसले. सोमवारी या सगळ्यांना काय उत्तर द्यायचं, याची त्यांना फार काळजी लागली होती.

आईचं त्या दिवशीचं बोलणं मी सगळं देत नाही. कोशांच्या कपाटाचा उल्लेख वर आलाच आहे. पण बोलता बोलताच तिनं आत जाऊन हळदकुंकू आणलं, बैलाच्या कपाळाला लावलं, त्याच्या पायावर पाणी घातलं, त्याला पोळी भरवली, आणि मग बोलणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. कुंपणाशी शेजारपाजार जमला होता. आपटे म्हणाले, बैल सेक्टरच्या नियमात बसत नाही. आणखी कुणी म्हणालं, बसत नाही तर उभा राहू दे.

साहेबराव बैलाभोवती एकदा फिरले. मग कोंडीरामाकडे पाहिलं. "पावनं, ह्येला येवढं का नटावलंय? वरात हाय का?"

कोंडीरामानं कासरा दुसऱ्या हातात घेतला.

साहेबरावांनी बादलीभर पाणी बैलाच्या पाठीवर ओतलं आणि पोत्याच्या तुकड्यानं घासायला सुरुवात केली. लाल ओघळ, निळे ओघळ, पिवळे ओघळ आमच्या नव्या फरशीवरून वाहत गेले. साहेबराव थांबले.

"ही घ्या. आली बघा बाहीर."

वशिंडाच्या मागे, पाठीच्या कण्यावर, वीतभर लांब. मधोमध बारीक भांग, दोन्ही बाजूंना उलटे फिरलेले केस, जणू असंख्य पाय. तोंड शेपटीकडे.

"वाईट जातीची हाय," साहेबराव म्हणाले. "शेपटीकडं तोंड. ही मालकाला खाती. नाना, तुमाला फशिवलं."

कोंडीरामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तो मार खायच्या तयारीनं उभा होता. नाना चष्मा कपाळावर सरकवून वाकले, बोटानं त्या रेघेवरून हलकेच उलटे गेले, सुलटे आले. मग सरळ होऊन कोंडीरामाजवळ गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

"अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत! मी सकाळपासून हीच तर शोधतोय!"

कोंडीरामाला वाटलं, हा माणूस वेडा आहे. मिठीतून सुटायची तो खटपट करू लागला. नाना ओरडत होते, "अरू, पाहिलीस? लपवली होती! लपवली होती म्हणूनच! आलं ना लक्षात?" मी नानांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आपटेही कुंपणावरून वाकून बघायला लागले.

लपवलेली गोम निघाली की सौदा मोडतो, असा बाजाराचा रिवाज आहे, हे साहेबरावांनी जाहीर केलं. आईनं प्रथमच त्यांच्या विहिरीबद्दल चौकशी केली आणि चहाला आग्रह केला. कोंडीरामाचं तोंड मात्र उतरलं. त्याचं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं होतं. "पोरगं शिफ्टला जातं," तो म्हणाला. "बैल कुठं शिफ्टला जातुया. गोमीचा म्हनून कुनी दावनीला बांदंना. खाटकाला द्यायचं जिवावं येतं. म्हून रंग लावला."

"मालकाला खाते म्हणतात ना?" नानांनी विचारलं. "मग तुम्ही?"

"मी हाय की. ह्येनं बाच्या माघारी माझं घर वडलंया."

शेवटी ठरलं ते असं: रात्रीपुरता बैल साहेबरावांच्या गोठ्यात, कोंडीरामही तिथेच, आणि उद्या संध्याकाळी दोघांनी वाचनालयात व्याख्यानाला यायचं. बैलानं बाहेर उभं राहायचं. आपट्यांनी हरकत घेतली नाही. नियम आठवायलाही त्यांना सुचलं नाही. आपल्या धाकट्याला भाजीच्या गाडीसाठी जनावर हवंच आहे, बघू, असंही काहीतरी साहेबराव पुटपुटले. "पन गोमीचं," असं लगेच म्हणाले.

कोंडीराम जेवून गेल्यावर नानांनी व्हरांड्यात मला एकटीला बसवून सगळं व्याख्यान म्हणून दाखवलं. उभं राहून, हातवाऱ्यांसकट. संपल्यावर लवंग तोंडात टाकली आणि विचारलं, "कसं वाटलं?"

आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची पद्धत नव्हती. भाजी फार छान झाली तर नाना म्हणत, मीठ बरोबर आहे. मला पदवी मिळाली तेव्हा आई म्हणाली, आता केस विंचर. त्या पद्धतीनं मी म्हणाले, "थोडं लांबतंय. टेंपोचा भाग काढा."

"बरं," नाना म्हणाले. "काढतो."

रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात वाचनालयाच्या घडीच्या खुर्च्या होत्या. स्मशानातून आलेली मंडळी बसली होती. आपट्यांनीच खुर्च्या आणून मांडल्या. त्यांना त्या नीट मांडता येत नव्हत्या, ओळी वाकड्या आल्या होत्या. व्याख्यानाची वेळ होती. आजवर कुठल्याही व्याख्यानाला एवढी माणसं आली नव्हती.

गोमेबद्दल सगळे बोलत होते, फक्त हळू. मालकाला खाते. काल आणली आणि पहाटे. साहेबराव एकटेच काही बोलत नव्हते, आणि लोक त्यांच्याकडेच बघत होते.

कोंडीराम कुंपणाबाहेर कासरा धरून उभा होता. तो फाटकाशी आला तेव्हा माणसं बाजूला झाली. वाट देण्यासाठी लागते त्याहून जास्त बाजूला झाली. तो आत आला नाही. तिथूनच मला म्हणाला,

"ताई, ह्ये माझ्या बैलानं केलं का वो?"

मी उठले. शोकाच्या घरी मुलीनं उभं राहून बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. कुणीतरी "अगं" म्हणालंही. आतून आईचा आवाज आला, "बोलू दे तिला."

"याचं उत्तर नानांच्या व्याख्यानात आहे," मी म्हणाले. "ते आज होतं."

आणि मी ते म्हटलं. नानांनी म्हटलं होतं तसंच, सुरुवातीपासून. किडा सांगितला, केसांची रेघ सांगितली. बाजार सांगितला, नमस्कार करून गोम विचारणारा माणूस सांगितला. विकणारा लपवतो, घेणारा शोधतो, आणि ज्याला दिसते तो जाणकार. म्हणून आतल्याला ठाऊक आणि बाहेरच्याला न दिसणारं जे जे, त्याला आपण गोम म्हणू लागलो असू, असं माझं मत आहे, चुकत असेन तर सांगा, हे नानांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. नाका सांगितला. बैल वाद्य ठरला तिथे आपट्यांना हसू फुटलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण तोवर मागच्या ओळीत आणखी कुणी हसलं होतं. मग मी कोंडीरामाकडे वळून पुढचं म्हटलं: "ही गोम मालकाला खाते असं सांगतात. पण हिचे मालक काल माझ्यासमोर तीन भाकरी खाऊन उठले. तेव्हा खाण्याच्या बाबतीत गोमेपेक्षा मालकाचा अनुभव दांडगा आहे."

कोंडीरामानं टोपी डोळ्यांना लावली. साहेबराव उठले, फाटकाशी गेले आणि त्याच्या हातातला कासरा घेतला.

"सौदा कालच मोडला व्हता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नाना मालकच नव्हतं. चल रं, गोठ्यात बांदू ह्येला. भाजीच्या गाडीला बघू."

लोक हळूहळू उठले. खुर्च्या मिटल्याचे आवाज आले. मी उभीच होते. व्हरांड्यात जिथे नाना काल उभे होते, तिकडे पाहून मी मोठ्यानं म्हणाले, आईला आत ऐकू गेलं इतक्या मोठ्यानं,

"नाना, छान झालं. टेंपो राहू द्या."